झाकण नसलेली करवत

नाशिक जिल्ह्यातल्या पेठला एखाद्याच्या घरी नवी करवत आली की शेजारी विचारतोच, 'काय कापायला?' प्रश्न सहज असतो, पण त्यात थोडा संशयही असतो. डोंगरात साग आहे, ऐन आहे, खैर आहे. कात बनतो तो खैरापासून, आणि त्यापायी होणारी चोरटी तोड हे आमच्या भागाचं जुनं दुखणं. पलीकडे गुजरातची हद्द, मधे घाट. त्यामुळे इकडे हत्याराला आधी ओळखतात, हत्यारवाल्याला नंतर.

मी सुताराच्या घरात वाढलो, म्हणून ती ओळख मला लवकर झाली. बाबांच्या पेटीत करवतींचा एक अख्खा गोतावळा होता, आणि कुठली कशाची हे मुठीवरून नाही, दातांवरून ठरायचं. उभं कापायच्या करवतीच्या दाताचं टोक सपाट असतं, ते लाकडाचे तंतू खरडून काढतं. आडवं कापायचीच्या दाताला बाजूने धार असते. ती तंतू आधी तोडते, मग बाजूला सारते. एकीचं काम दुसरीकडून करून घेतलं तर लाकूड फाटतं आणि बाबा भडकतात. पावसाळ्यात आमच्याकडे बाहेरची कामं बंदच. कौलांवर पाऊस कोसळत असायचा आणि बाबा ओसरीवर बसून कानशीने एकेक दात घासायचे. दात एकाआड एक डावीकडे-उजवीकडे जरासे वाकवलेले असत. सरळ का नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, 'सरळ ठेवले तर चीर पात्याएवढीच पडेल आणि पातं आत अडकून बसेल.' म्हणजे ते वाकडेपण कापण्यासाठी नव्हतं, अडकू नये म्हणून होतं. त्यानंतर कुठल्याही करवतीत काही विचित्र दिसलं की मी उलटा प्रश्न विचारतो: काय होऊ नये म्हणून हे असं केलं असेल?

मोठे ओंडके चिरायला दोन माणसांची करवत असायची. ओंडका उंच घोडीवर, एक गडी वर उभा, दुसरा खाली. दोरीला गेरू लावून लाकडावर सूत मारायचं आणि त्या रेघेवरून करवत वरखाली ओढायची. वरचा रेघ सांभाळतो, खालचा भुसा खातो. खालच्याच्या भुवया, कान, मान, सगळं सागाच्या भुशाने पिवळसर. मजुरी मात्र दोघांना सारखी, यावर खालच्यांची कायम कुरकुर. एका ओंडक्याच्या फळ्या पाडण्यात दिवस जायचा आणि तो आवाज वाडीच्या टोकापर्यंत पोचायचा.

नाशिकच्या वखारीत बाबांनी मला पहिल्यांदा बँडसॉ दाखवला. वर एक चाक, खाली एक चाक, त्यांच्यावरून अखंड पळणारं पोलादी पट्टीचं पातं. गोल पात्याची करवतही शेजारी होती, पण सागाला हात लावायचा मान बँडसॉचा. कारण विचारायची गरज पडली नाही. पट्टी पातळ, म्हणून चीर अरुंद, म्हणून भुसा कमी. सागाचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला भुशात जाणारं लाकूड डोळ्यांनी बघवत नाही. इथेही तेच: त्या यंत्राचा सगळा आकार नासाडी होऊ नये या एका चिंतेतून आलेला.

पुढे १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन तिरुमुलपाड यांच्या याचिकेवर आदेश दिला आणि जंगलातल्या लाकूडगिरण्यांवर गदा आली. केंद्राच्या मंजुरीशिवाय वनक्षेत्रात गिरणी चालवता येणार नाही, असं ठरलं.

माझ्या हाताची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. आंब्यावरून पडलो आणि डावा हात मोडला. गावच्या हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधून दिल्या, पण सूज उतरेना, म्हणून एसटीने नाशिक. तिथल्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. ते काढायच्या दिवशी एका माणसाने हातात विजेची करवत घेतली आणि बटण दाबलं. त्या आवाजाने माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतर मुलं आवाजाला घाबरत असतील. मी सुताराचा मुलगा, मला करवत काय करते ते माहीत होतं. चीर रेघेवर थांबत नाही, फळी संपली की घोडीतही घुसते, हे मी रोज बघत होतो. मी हात काखेत दाबून बसलो. त्या माणसाला हे नेहमीचंच असावं. त्याने चालू करवत स्वतःच्या तळहातावर टेकवली, पुन्हा टेकवली आणि हात मला दाखवला. साधा ओरखडाही नाही.

बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते पुढे झुकून पात्याकडे टक लावून होते. प्लास्टरची पांढरी धूळ उडत होती. तो माणूस करवत ओढत नव्हता. दाबायचा, उचलायचा, थोडी पुढे नेऊन पुन्हा दाबायचा. हाताला उष्ण लागत होतं. प्लास्टर दुभंगलं, आतून कापूस निघाला, त्याखालून माझा बारीक, फिकट, कोंडा सुटलेला हात. परतीच्या गाडीत बाबा बोलले ते एवढंच: 'ते पातं फिरत नाही रे. नुसतं हलतंय.'

त्यांचं बरोबर होतं. ते पातं पुरता फेरा घेतच नाही. आपल्या अक्षावर अगदी थोड्या अंशांत डावीउजवीकडे हलतं, पण मिनिटाला हजारो वेळा. प्लास्टर कडक, ते जागचं हलत नाही, म्हणून दात त्याला खरवडतात. कातडी मऊ आणि सैल. ती पात्याबरोबर तेवढीच इकडेतिकडे सरकते, दाताला घासायला जागाच मिळत नाही. कातडी ताणलेली असली किंवा करवत ओढत नेली तर इजा होऊ शकते, आणि पातं तापून चटका बसू शकतो. म्हणून ती दाबण्या-उचलण्याची पद्धत आणि आत कापसाचा थर. हाडं बसवायला प्लास्टरची पट्टी वापरण्याची रीत मॅथाइसेन या डच लष्करी डॉक्टरने १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे प्लास्टर घालणं सोपं होऊन जवळजवळ शतक उलटलं तरी काढणं कात्रीने, सुरीने, जमेल तसं चाललेलं होतं. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमाझूचे हाडांचे डॉक्टर होमर स्ट्रायकर यांनी ही हलती करवत बनवली; तिचं पेटंट १९४७ चं. कापणारी यंत्रं जगात पुष्कळ होती. त्यांनी थांबणारं यंत्र बनवलं, आणि तेही कुठलाही अडसर न लावता, फक्त हालचाल बदलून. सुतारकामात वाढलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

चेनसॉ नेमका उलट्या वाटेने आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस एटकेन आणि जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापायला हाताने ओढायची बारीक साखळी-करवत वापरली होती. १९२६ मध्ये जर्मनीत आंद्रेआस श्टीलने विजेवरची साखळी-करवत काढली. वजन ४८ किलो, धरायला दोन माणसं. आज ती एकजण खांद्यावर टाकून डोंगर चढतो. कष्ट वाचले हे चांगलंच, खाली उभं राहून भुसा खाणाऱ्या गड्याला विचारा. पण जुन्या करवतीचा सावकाशपणा जंगलाची राखणही करत होता, असं मला वाटतं. झाड पाडायला वेळ लागायचा, तेवढ्यात कुणीतरी यायचं, ओरडायचं, निदान ओळखायचं. आता रात्री डोंगरातून घरघर ऐकू येते आणि माणूस चप्पल घालेपर्यंत थांबते.

म्हणूनच, ओळखीतला एक तरुण सुतार नाशिकच्या भंगारातून एक अनोळखी करवत घेऊन आला तेव्हा त्याच्या दुकानासमोर लगेच गर्दी जमली. लांबट धातूची मूठ, आत मोटर, टोकाला काटकोनात बसवलेलं छोटं गोल पातं, दात बारीक. नावाची पट्टी घासून गेलेली. कुणी म्हणालं फरशी कापायची, कुणी म्हणालं नारळाची. एकाने आवाज खाली आणून सांगितलं, खैरवाल्यांची आहे, आवाज होत नाही हिचा. मग तिने केलेल्या आवाजाने त्याचीच बोलती बंद झाली.

मी आधी पात्याच्या वर बघितलं. तिथे झाकण नव्हतं. कधी असल्याची खूणही नव्हती, ना भोकं ना स्क्रू. फिरत्या पात्याच्या करवतीला झाकण न लावणारा कारखाना वेडा तरी असेल, नाही तर ते पातं फिरणारं नसेल. पात्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आणि बटण दाबायला सांगितलं. पातं फिरलं असतं तर रेघ दिसेनाशी झाली असती. ती जागच्या जागी राहिली, फक्त तिच्या कडा पुसट झाल्या. दातही एका ओळीत सरळ, डावीउजवीकडे वाकवलेले नाहीत. खोल चीर पाडायचीच नसेल तर ते कशाला हवं? शेवटी मोटरच्या झरोक्यात काडी घालून पाहिली. भुसा नाही, पांढरी पूड निघाली.

'प्लास्टर काढायची,' मी म्हटलं. गर्दीचा रसच गेला. खैराची असती तर बरं झालं असतं, असा चेहरा करून लोक पांगले.

त्या सुताराने तरीही ती सागावर चालवून बघितलीच. बारीक दातांत भुसा कोंदला, लाकूड काळं पडलं, जळकट वास सुटला. पण त्याचा विचार अगदीच वाया जाणारा नव्हता. फाइन या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये अशीच प्लास्टर-करवत काढली आणि पुढे तीच हलती चाल सुतार-प्लंबरांच्या अवजारांत आणली. हार्डवेअरच्या दुकानात आज जे मल्टिटूल मिळतं, चौकटीच्या कोपऱ्यात घुसून खाच पाडणारं, ते याच कुळातलं. मी त्याला तेच घ्यायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. आता तो ही करवत नीट पुसून, नवी वायर लावून नाशिकला पीओपीच्या छताच्या कामांवर नेतो आणि दिव्यांसाठी चौकोन कापतो. माल शेवटी तोच, प्लास्टर ऑफ पॅरिस. धूळ उडते, पण कड सफाईदार येते म्हणतो. मी एवढंच बजावलंय की आधी मेन स्विच बंद कर. छतातल्या वायरीला ती कातडी समजेल याची खात्री नाही.