२३ किलो

भाची सहा आठवड्यांच्या समर स्कूलला जर्मनीला निघाली, म्हणून सामान भरायला मी शनिवारी पुण्याहून सोलापूर गाठलं. हॉलमध्ये बॅग, शेजारी वजनकाटा, आणि काट्याशेजारी आई, म्हणजे तिची आजी.

शेंगाचटणी बसली. कडक भाकरी बसली (काय टिकते हो ती!). चादर तीनदा आत, तीनदा बाहेर. खरा तंटा तुपावरून. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप नाही, पेढेही नाहीत. मी मोबाईलवर नियम दाखवला.

"तूप चालत नाही तिथं कशाला जाऊलालीस गं?"

व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा काढलाय, हेही मी उगाच सांगून पाहिलं. आईने एवढंच विचारलं, "परतीचं तिकीट आहे ना?"

तेव्हा ट्यूब पेटली. आमचं सगळं येणं-जाणं डॉ. कोटणीसांच्या स्मारकावरून. आपल्या गावचे हे डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. आईला ते कुणी सांगावं लागत नाही.

असो. तिकिटाची प्रिंट काढून आणली, ती तिने देवापाशी ठेवली. तुपाची बरणी माझ्या गळ्यात पडली.