एका दिवसाचे दोन सामने

पाचोड, ता. पैठण

चि. भाचीस,

एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने खेळवण्याच्या पद्धतीला डबलहेडर म्हणतात, आणि ती प्रथम रुळली ती अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये. सुटीच्या दिवशी सकाळी एक आणि दुपारी एक सामना ठेवून दोन्हींची तिकिटे वेगवेगळी विकण्याची तेथे चाल होती. 25 सप्टेंबर 1882 रोजी मात्र वूस्टर आणि प्रॉव्हिडन्स हे संघ एकाच तिकिटावर दोनदा खेळले. पुढे 1 सप्टेंबर 1890 रोजी ब्रुकलिनने पिट्सबर्गला एकाच दिवशी तीनदा हरवले. 2 ऑक्टोबर 1920 रोजी पिट्सबर्ग आणि सिनसिनाटी यांच्यातही तीन सामने झाले, कारण तिसऱ्या क्रमांकाच्या संघाला बक्षिसाच्या रकमेत वाटा मिळणार होता. मैदानावर दिवे नसल्याने त्यांतील शेवटचा सामना अंधारामुळे सहाव्या डावानंतर थांबवावा लागला. सूर्यप्रकाश हीच तेव्हा मर्यादा होती आणि तिची झळ दोन्ही संघांना सारखीच बसे.

मुंबईच्या वानखेडे मैदानावर 22 मे 2018 रोजी जे घडले, त्यात ही समानता नव्हती. आयपीएलच्या पहिल्या क्वालिफायरच्या, म्हणजे अंतिम फेरीचा पहिला संघ ठरवणाऱ्या लढतीच्या आधी, त्याच दिवशी दुपारी दोन वाजता महिलांचा एक प्रदर्शनीय सामना ठेवण्यात आला. मंगळवार, मे महिन्याचे ऊन आणि कामाची वेळ, तेव्हा सुरुवातीला खुर्च्या बहुतांशी रिकाम्या राहिल्या यात नवल नाही. सांगलीच्या स्मृती मानधनाच्या ट्रेलब्लेझर्स संघाने 129 धावा केल्या आणि हरमनप्रीत कौरच्या सुपरनोव्हाज संघाने शेवटच्या चेंडूवर तीन गडी राखून विजय मिळवला. इतकी चुरशीची लढत ज्यांनी पाहायला हवी होती, त्यांतील बहुसंख्य प्रेक्षक पुरुषांच्या सात वाजताच्या सामन्यासाठी अद्याप घरून निघालेही नव्हते. अशा वेळापत्रकानंतर महिला क्रिकेटला प्रेक्षक नाहीत असा निष्कर्ष काढणे हा उघड अन्याय होय.

त्याचा पुरावा मार्च 2023 मध्ये मुंबई आणि नवी मुंबईतच मिळाला. ब्रेबॉर्न आणि डी. वाय. पाटील या दोन मैदानांवर महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा डबलहेडरच्या दिवशी दुपारची वेळही महिलांचीच होती आणि दिव्यांच्या प्रकाशातील रात्रही. त्यामुळे कोणताही सामना दुसऱ्या कोणाची प्रस्तावना ठरला नाही, आणि 26 मार्चच्या अंतिम सामन्यात मुंबई इंडियन्सने दिल्ली कॅपिटल्सला सात गडी राखून हरवले ते भरगच्च प्रेक्षकांसमोर.

गावच्या स्पर्धेत मुलींचा सामना भर दुपारी आणि मुलांचा सायंकाळी ठेवण्याचा जो बेत कळला, त्याचा म्हणूनच फेरविचार व्हावा. मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी मैदानाकडे कोणी फिरकत नाही. मुलांचा सामना सकाळी सात वाजता उरकावा आणि पाच वाजता, ऊन उतरल्यावर, कमी षटकांचा का होईना, मुलींचा सामना सुरू करावा; अंधार पडण्यापूर्वी तो सहज पुरा होईल.



मामा