अर्धाच कप

दारू पिताना मला कधी लाज वाटली नाही. अमडापूरच्या बाजारात पडलेला मी साऱ्या गावानं पाहिला आहे. पोरगा हाताला धरून घरी आणायचा, तेही शेजाऱ्यांनी पाहिलं आहे. लाज वाटली ती सोडायला निघालो त्या दिवशी. चिखलीला ओळखीचं कुणीतरी भेटणारच, म्हणून उलट्या दिशेची खामगावची एसटी धरली. कंडक्टर आमच्याच भागातला. "कुठी चालले भाऊ?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "दवाखान्यात."

त्याआधी दोनदा मी मनानंच बंद केली होती. एकदा तर शेगावला पायी जाऊन, गजानन महाराजांसमोर शपथ घेऊन. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा चालताना दिसू लागल्या, अंथरूण घामानं भिजलं, समोर बसलेली बायको मला ओळखू येईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, झटके येतात, जीवही जातो. म्हणून औषधं घेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. आमच्याकडे हे कुणी सांगत नाही. मर्द असशील तर आजपासून सोड, एवढंच सांगतात. तुमच्या घरात असं कुणी असेल तर शपथ घालण्याआधी डॉक्टर गाठा, एवढं कळकळीचं मागणं आहे.

पुण्याच्या मेव्हण्यानं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव सुचवलं होतं. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं १९८६ साली सुरू केलेलं. तिथं पस्तीस दिवस राहायचं होतं. सोयाबीन काढणीला आलंय, असं मी म्हणालो. तो बहाणा होता, बायकोलाही कळलं. शेवटी डॉक्टरांनीच एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. "हे एएचे, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे आहेत. तुमच्यासारखेच होते." चिठ्ठी आठवडाभर खिशात मळली, मग फोन लावला. पलीकडच्यानं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "गुरुवारी संध्याकाळी या," एवढंच म्हणाला.

खामगावातल्या एका शाळेची खोली. फळ्यावर मुलांची गणितं तशीच होती. दहा-अकरा माणसं बाकांवर बसलेली, आणि त्यांत पहिलाच चेहरा दिसला तो आमच्या कृषी केंद्रवाल्याचा. इतकी वर्षं त्याच्याकडून बियाणं उधारीवर नेत होतो. माझे पाय दारातच थबकले. ज्याला चुकवायला इतक्या दूर आलो, तेच समोर बसलेलं. त्यानं आश्चर्य दाखवलं नाही. बाकावर जरा सरकला. "या, बसा."

चहा आला. सगळ्यांचे कप भरलेले, माझा अर्धाच. नवा माणूस म्हणून हात आखडला असेल, असं वाटलं. कप उचलला तेव्हा कळलं. हात असा थरथरत होता, की भरलेला कप अर्धा अंगावरच सांडला असता. चहा देणाऱ्यानं मी आत येतानाच माझा हात बघून ठेवला होता.

मग एकेक जण बोलू लागला. आधी नाव, मग "मी अल्कोहोलिक". मध्येच कुणी तोंड घालत नव्हतं, उपदेश करत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा जे बायकोलाही कबूल केलं नव्हतं ते तोंडून निघालं. पोळ्याला बैलांच्या साजासाठी ठेवलेले पैसे मी प्यायलो होतो. हरवले, असं घरी सांगितलं. झूल नाही, बाशिंग नाही, बेगड नाही. आमची जोडी तशीच बोडकी तोरणाखाली उभी राहिली, आणि पोरगा दोरी धरून मान खाली घालून रडत होता. खोलीत कुणी हूं की चूं केलं नाही. कोपऱ्यातले एक आजोबा सावकाश म्हणाले, "मी तर जोडीच विकली होती बाप्पा."

त्याच आजोबांनी नंतर एए सुरू करणाऱ्या बिलची गोष्ट सांगितली. १९३५ साल, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. धंद्याचं काम फसलेलं, हॉटेलात एकटा, बारमधून आवाज येतोय. पाच महिने न प्यायलेला हा माणूस घाबरला आणि फोनवर फोन लावत राहिला, कशासाठी, तर बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळावा म्हणून. भेटले डॉक्टर बॉब. त्यांनी १० जूनला शेवटचं घेतलं, तोच एएचा स्थापना दिवस धरतात. दुसऱ्याला सावरायला गेला म्हणून बिल स्वतः वाचला, हे आजोबा दोनदा म्हणाले. फी काही नाही. शेवटी पिशवी फिरली, ज्याला जमेल त्यानं टाकलं. सोडायची इच्छा, एवढी एकच अट.

जन्मभराची शपथ तिथं कुणी घालत नाही. आजचा दिवस, बस. महाराजांसमोर मी जन्माचं कबूल केलं आणि महिनाही टिकलो नाही. आजच्यापुरतं मात्र निभतं. मध्ये एकदा घसरलो, दिवाळीच्या आठवड्यात. पुढच्या गुरुवारी जायची हिंमत नव्हती, तेव्हा कृषी केंद्रवाला दुकान पोरावर टाकून मला न्यायला आला. दुकानात गिऱ्हाईक असताना या गोष्टीचं अवाक्षर त्यानं आजवर काढलेलं नाही.

परवा पुन्हा तोच कंडक्टर. "दवाखान्यात का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "नाही, मीटिंगले. दारू सोडायच्या." आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिलं. त्यानं तिकीट दिलं आणि पुढं गेला. उंद्री मागे पडल्यावर गाडी जरा रिकामी झाली, तसा तो माझ्या शेजारी येऊन टेकला. तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवून, खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "किती वाजता असते भाऊ ते? लहान्या भावासाठी इचारतो."