आरंभीचा वेग

माहूरगडाच्या घाटात जीप कठड्याशी येऊन थांबली. सुदैवाने कोणी दगावले नाही. कोरड्या रस्त्यावर ब्रेकचा ४० मीटरांचा काळा पट्टा उरला. वेग ताशी चाळीसच होता, असे चालक शपथेवर सांगे.

सायंकाळी आमच्याकडे शिकावयास येणाऱ्या त्याच्या मुलाने तो पट्टा स्वतः मोजून आणला. अंतिम वेग शून्य. उतार ध्यानी घेऊन मंदन आम्ही दर सेकंदास सेकंदाला ५ मीटर धरले. आरंभीच्या वेगाचा वर्ग म्हणजे मंदन व अंतर यांच्या गुणाकाराची दुप्पट: ४००. वर्गमूळ २०, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर! चाळीसच्या वेगाला १२ मीटर पुरते.

"फादर, मंदन कमी धरले तर?"

"चाळीस येण्यास ते दीडवर आणावे लागेल. चाके घासत गेली असता ते इतके कमी नसते, बाळ."

त्याने कागदाची घडी खिशात घातली. बापाला दाखवली की नाही, आम्ही विचारले नाही.