चकाकीची साक्ष

जुन्या ऑस्ट्रेलियन नाण्यांच्या बाजारात 'प्रूफ', म्हणजे चलनासाठी नव्हे तर संग्रहासाठी खास पद्धतीने पाडलेले नाणे, हा शेरा फार सढळ हाताने मारला जातो, आणि त्याचा सर्वांत जास्त फटका बसला आहे १९२७च्या कॅनबेरा फ्लोरिनला. ९ मे १९२७ रोजी ड्यूक ऑफ यॉर्कने, म्हणजे पुढच्या सहाव्या जॉर्जने, कॅनबेरातल्या संसद भवनाचे उद्घाटन केले. त्या निमित्ताने मेलबर्नच्या टांकसाळीने सुमारे वीस लाख फ्लोरिन पाडले. एका अंगाला बर्ट्रम मॅकेनलने घडवलेली पाचव्या जॉर्जची मुकुटधारी छबी, दुसऱ्या अंगाला जॉर्ज क्रुगर ग्रेने रेखलेले संसद भवन. प्रूफ म्हणून पाडलेल्या नाण्यांचा आकडा सांगितला जातो तो अवघा चारशे. वीस लाखांतली कित्येक नाणी लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवली, त्यामुळे आजही लख्ख कॅनबेरा फ्लोरिन सहज मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच नाण्यांना विकणारा बिनदिक्कत प्रूफ म्हणतो. माझ्या मते या वादात चकाकी हा सर्वांत कच्चा साक्षीदार आहे. निकाल द्यायचा तो कडेवरून, अक्षरांच्या बाजूंवरून आणि राजाच्या गालावरून.

चकाकी येते कुठून, ते आधी पाहू. ठोका बसतो त्या क्षणी दाबाखालचा धातू मध्यातून कडेकडे सरकतो. हजारो वेळा तो ठशावरून असा घासत गेला, की ठशावर मध्यातून बाहेर जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा पडतात आणि त्या पुढच्या नाण्यांवर उतरतात. नवे कोरे चलनी नाणे दिव्याखाली तिरपे धरून फिरवले, की चाकाच्या आऱ्यांसारखा प्रकाशाचा पट्टा फिरतो तो या रेषांमुळे. प्रूफवर तो फिरत नाही. त्याचा ठसा घासूनपुसून आरशासारखा केलेला असतो, चकतीही आधी उजळलेली असते आणि मोजकीच नाणी पाडायची असल्याने ठसा झिजायला वेळच मिळत नाही. अडचण अशी की नव्या ठशातून निघालेल्या पहिल्यावहिल्या चलनी नाण्यांवरही हा पट्टा नसतो. इतकेच काय, मधे चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आदळले तर उमटलेली खूण घालवण्यासाठी ते पुन्हा घासले जात, आणि मग छपाईच्या ऐन मध्यावर काही नाणी अचानक आरशासारखी बाहेर पडत. तेव्हा चकाकीवरून कळते ते एवढेच, की त्या घटकेला ठसा ताजा घासलेला होता.

प्रूफपण ठरते ते दाबाने. चलनी नाण्याला एकच झटपट ठोका मिळतो. प्रूफला जास्त दाब, आणि बहुधा एकाहून अधिक ठोके. त्याचा परिणाम भिंगाखाली स्पष्ट दिसतो. प्रूफची कड सपाट असते आणि तिचा कोपरा काटकोनात तुटल्यासारखा दिसतो. कधी धातू ठसा आणि चकतीभोवतीची कडी यांच्या फटीत शिरून कडेवर केसाएवढी उभी धारही आलेली असते. कडेच्या आतली दातांची रांग शेवटपर्यंत सुटी सुटी भरलेली असते. अक्षरांच्या बाजू पृष्ठभागातून सरळ उभ्या राहतात. चलनी नाण्यावर त्याच अक्षरांचा पाया किंचित उतरता, मऊ असतो. पण मला सर्वांत भरवशाची वाटते ती राजाच्या गालाची आणि दाढीची तपासणी. ठशाचा सर्वांत खोल भाग म्हणजे नाण्याचा सर्वांत उंच भाग, आणि तो भरतो सर्वांत शेवटी. दाब कमी पडला की तिथे कोऱ्या चकतीची मूळ त्वचा तशीच राहते, छापण्याआधीच्या बारीक खड्ड्या-ओरखड्यांसह. आसपासचा पृष्ठभाग कितीही आरस्पानी असला, तरी गालावर दहापटीच्या भिंगाखाली हे खड्डे दिसले, तर त्या नाण्याचा प्रूफ असण्याचा दावा मला मान्य नाही.

रेषांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण विक्रेते त्यांचा पुरावा हटकून पुढे करतात. ठसा घासताना पडलेले चरे नाण्यावर उंचावलेल्या रेघा होऊन येतात आणि अक्षरापाशी येऊन थांबतात, कारण घासणारा हात ठशातल्या खोलगट अक्षरांपर्यंत पोहोचत नाही. फडक्याने पुसल्याचे ओरखडे मात्र खोल असतात आणि अक्षरांवरूनही बेधडक जातात. पहिल्या प्रकारच्या रेघांवरून ठसा घासला गेला हे सिद्ध होते. कशासाठी घासला, ते होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की यंत्र नीट जुळवलेले असेल तर चलनी नाण्याचीही कड खणखणीत उठू शकते. ते खरे आहे. म्हणूनच एका खुणेवर विसंबू नये. कड, दाते, अक्षरे आणि उंच भाग या साऱ्यांनी, आणि तेही दोन्ही अंगांना, एकच गोष्ट सांगितली पाहिजे. मेलबर्नच्या त्या काळातल्या चलनी छपाईत एका अंगाचा छाप उत्तम आणि दुसऱ्याचा फिका, हा प्रकार नेहमीचा आहे. मुकुटाच्या पट्टीवरचे मोती मोजण्याची ऑस्ट्रेलियन संग्राहकांची आवडती पद्धत इथे फारशी उपयोगी पडत नाही. सगळे मोती चांगल्या चलनी नाण्यावरही दिसतात. दुसरा आक्षेप ठशांचा: अस्सल प्रूफवरच्या रेघा या नाण्यावरही जशाच्या तशा जुळत असतील तर? जुळोत. प्रूफसाठी वापरलेला ठसा नंतर चलनी छपाईला लावायला कुणाची आडकाठी असणार? ठसा एकच निघाला म्हणून छपाईची रीतही एकच ठरत नाही. तिसरा आधार प्रमाणपत्राच्या प्लॅस्टिक डबीचा. ते जाणकाराचे मत असते आणि त्याला वजन आहे, पण अनेकदा डबीची चौकट नाण्याची बाजू झाकून टाकते, म्हणजे पुराव्याचा नेमका महत्त्वाचा भाग नव्या ग्राहकाला पडताळताच येत नाही.

चकाकीशिवाय प्रूफ ओळखणे जमणारच नाही असे ज्याला वाटते, त्याने ब्राँझच्या नाण्यांकडे वळावे. १९३०च्या पेनीची प्रूफ नाणी सहा मानली जातात. ब्राँझ काळाबरोबर तपकिरी, कधी निळसर होत जाते आणि मूळचा लखलखाट उरेलच असे नाही. तरीही अशा पेनीची कड आणि अक्षरे चलनी पेनीहून वेगळी उठून दिसतात. नजर तयार करायची असेल तर १९५५ ते १९६३ या काळातली नाणी बरी, कारण तेव्हा मेलबर्न आणि पर्थच्या टांकसाळी संग्राहकांना उघडपणे प्रूफ विकत होत्या. १९५५मध्ये मेलबर्नची चांदीची प्रूफ १,२०० निघाली, तर पर्थची प्रूफ पेनी केवळ ३०१. १९६३पर्यंत मेलबर्नचा आकडा ५,०४२वर गेला. त्यांतले एखादे आणि त्याच वर्षीचे चलनी नाणे शेजारी ठेवून, खोलीतला मोठा दिवा मालवून एकाच बाजूने प्रकाश टाकावा.

या पद्धतीची एक मर्यादा मुंबईच्या संदर्भात ध्यानात घ्यावी लागते. महायुद्धात, १९४२ आणि १९४३ साली, ऑस्ट्रेलियासाठी पेनी आणि हाफपेनी मुंबईच्या टांकसाळीत पडली. त्यांवर 'आय' हे अक्षर आहे. मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळींनी ब्रिटिश अमदानीतली जुनी नाणी संग्राहकांच्या मागणीवरून, जुन्याच सालासह, प्रूफ पद्धतीने पुन्हा पाडून दिली, हेही प्रसिद्ध आहे. त्यामुळे 'आय'वाली पेनी कुणी प्रूफ म्हणून पुढे केली, तर कड आणि गाल तपासून झाल्यावरही ती नंतर पाडलेली असण्याची शक्यता पडताळावी. पडून राहिलेला ठसा गंजतो, आणि गंजाने त्याला पडलेले खड्डे नाण्यावर बारीक उंच ठिपके होऊन उतरतात. शोधायचे ते हे ठिपके.