आधी कान, मग जीभ

व्यापारी कुटुंबांना अनेक भाषांचे फारसे अप्रूप नसते, कारण त्यांचा संसार भाषांवरच उभा असतो. घरात मारवाडी, दुकानात मराठी, मालमोटारवाल्याशी हिंदी आणि कराच्या कागदपत्रांत इंग्रजी, असा चार भाषांचा व्यवहार एकाच दिवसात पार पडतो. या भाषांसाठी पूर्वी कोणी शिकवणी लावली नव्हती. मारवाडातून आलेला मुलगा पहिले वर्षभर दुकानाच्या गादीजवळ बसे, माल काढून देई, पुड्या बांधी आणि ऐके. गिऱ्हाइकाशी बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर नसे. वर्ष सरता सरता भाषा त्याच्या कानात मुरलेली असे आणि मग जीभ आपोआप वळू लागे.

आज घरात येणाऱ्या सुनेला असे वर्ष मिळत नाही. ती शिकलेली असते, मोबाइलवर मराठीचे धडे घेते आणि लिपी देवनागरीच असल्यामुळे दुकानाची पाटी पहिल्याच दिवशी घडाघडा वाचते. तिला वाचता येते म्हणजे समजतही असणार, असे घर गृहीत धरते. खरी अडचण येथूनच सुरू होते.

बार्शीतील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी पाली जिल्ह्यातून सून आली. शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, स्वभाव मनमोकळा. पण तीन-चार महिन्यांत तिच्याविषयी घरात दोन मते तयार झाली. आधी म्हटले गेले, “बीनणी अबोल आहे.” पुढे म्हटले गेले, “बीनणीला आपल्यात मिसळायचेच नाही.” घरातील मुले आता आपसांत मराठीतच बोलत. शेजारणी आल्या की हास्यविनोद मराठीत होई. सगळे हसत तेव्हा ती क्षणभर उशिरा हसे. त्या क्षणभराच्या उशिराचा अर्थ कोणी लावला नाही.

तो अर्थ उधारीच्या वहीत उमटला. जुन्या ओळखीची एक शेतकरी बाई दुकानातून जाताना म्हणाली, “माझं पंचावन्न राहिलंय, लिहून ठेव गं.” सुनेने वहीत ९५ लिहिले. आठ दिवसांनी बाई पैसे द्यायला आली आणि गल्ल्यासमोर शब्दाला शब्द वाढला. प्रश्न चाळीस रुपयांचा नव्हता. ज्या वहीवर दोन पिढ्या विश्वास होता, त्या वहीविषयी बाईच्या मनात पहिल्यांदा शंका आली होती.

दादाजींनी बाईचा हिशेब तेव्हाच दुरुस्त केला. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी सुनेला रागावण्याऐवजी विचारले, “बेटा, तुला नेमके ऐकू काय आले?” ती म्हणाली, “पंचानवे.” हिंदीत पंचानवे म्हणजे ९५, आणि ५५ ला हिंदीत पचपन म्हणतात. मराठीतील पंचावन्न तिच्या कानावर पडले आणि कानाने त्याला आपल्या ओळखीच्या घरात नेऊन बसवले. कान अधू नव्हता, लक्षही कमी नव्हते. ऐकताना आपली पहिली भाषा न विचारता मदतीला धावते आणि कधी कधी तीच फसवते.

मोठ्या जाऊबाई लग्नापूर्वी मराठी शाळेत शिकवत असत. सुनेला शिकवण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्यांच्या प्रथम ध्यानात आले ते असे, की पुस्तकातील मराठी आणि कानावर पडणारी मराठी यांत मोठे अंतर आहे. पुस्तकात ‘राहिले आहे’ असते, माणूस ‘राहिलंय’ म्हणतो. ‘काय करत आहेस’ याचे ‘काय करतोयस’ होते. ‘आला होता’ याचे गावाकडे ‘आलता’ होते. लिहिताना दोन शब्दांत जागा सुटते, बोलताना ती सुटत नाही. शिवाय एकच ‘च’ चार म्हणताना वेगळा आणि चाक म्हणताना वेगळा उच्चारला जातो. जेवणाचा ‘ज’ आणि जावयाचा ‘ज’ यांचेही तसेच. कागदावर हे भेद दिसत नाहीत. ते कानानेच शिकावे लागतात.

रोज रात्री भांडी आवरल्यावर दहा मिनिटे हा वर्ग भरे. जाऊबाई दुकानात नेहमी घडणारे एखादे संभाषण आपल्या सहज गतीने मोबाइलमध्ये बोलून ठेवत. पहिल्यांदा ऐकताना प्रश्न एवढाच, की कोण कोणाशी बोलत आहे आणि त्या बोलण्यात विनंती आहे की तक्रार. दुसऱ्यांदा फक्त आकडे टिपायचे. तिसऱ्यांदा, शब्द एकमेकांत कोठे मिसळले ते शोधायचे. लिहिलेला मजकूर सर्वांत शेवटी. तो आधी दाखवला तर डोळा कानाचे काम हिरावून घेतो. चूक झाली की जाऊबाई योग्य उत्तर सांगून मोकळ्या होत नसत. ते वाक्य पुन्हा लावून विचारत, “तुला काय ऐकू आले, ते सांग.” दादाजींनी गल्ल्यावर विचारलेला प्रश्नच येथे शिकवण्याची रीत झाला.

इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी लिहिणारे ब्रिटिश अभ्यासक जॉन फील्ड यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. वर्गात ध्वनिफीत लावायची, प्रश्न विचारायचे आणि बरोबर उत्तरे मोजायची, याने ऐकण्याची परीक्षा होते, शिकवणे होत नाही. चुकलेले उत्तर हाती आल्यावर ते का चुकले याचा माग काढणे हे शिक्षकाचे खरे काम. आपल्या घरांतही बहुधा परीक्षाच चालते. “समजले ना?” असे विचारले जाते, नवी सून मान हलवते आणि दोघेही सुटतात.

स्वयंपाकघर ही ऐकण्याची उत्तम शाळा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी पद्धत रूढ केली, की शिकणाऱ्याने आरंभी बोलू नये, सूचना ऐकून केवळ कृती करावी. “वरच्या फळीवरचा डबा काढ, झाकण घट्ट लाव, दोन वाट्या डाळ भिजत घाल,” या वाक्यांचे आकलन झाले की नाही, हे हातच सांगतात. गादीजवळ बसून पुड्या बांधणारा तो मुलगा याच मार्गाने शिकला होता.

ऐकणाऱ्याला आपल्या परंपरेने मोठा मान दिला आहे. ‘श्रावक’ या शब्दाचा मूळ अर्थच ऐकणारा असा आहे. तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे टप्पे सांगितले आहेत. काहीतरी कानावर आले, ते काय असावे याची जिज्ञासा झाली, हेच आहे असा निश्चय झाला आणि मग ते मनात टिकले. नव्या भाषेत ऐकणाऱ्याला या प्रत्येक टप्प्यावर थोडा अधिक वेळ हवा असतो. ईहा चालू असतानाच आपण पुढचे वाक्य बोलून मोकळे होतो, किंवा दया येऊन हिंदीत उत्तर देतो. दोन्ही प्रकारांत तिचा निश्चय अपुरा राहतो.

म्हणून घरच्यांनी काही पथ्ये पाळावीत. समजले नाही तर आवाज चढवू नये, तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणावे. शब्द तोडून कृत्रिम संथपणे बोलू नये, वाक्यांच्या मध्ये मात्र थांबावे. रक्कम आणि वजन ऐकणाऱ्याने परत बोलून दाखवण्याची रीत दुकानात सर्वांनाच लावावी, म्हणजे त्यात एकट्या सुनेला कमीपणा राहणार नाही. बार्शीच्या त्या दुकानात आता प्रत्येक जण “पाच आणि पन्नास, पंचावन्न” असे म्हणूनच लिहितो. त्या बाईनेही काही महिने आपला आकडा दोनदा सांगितला, पुढे एकदा सांगून ती निश्चिंत जाऊ लागली.

सून बोलू लागली की घराला आनंद होतो आणि तो स्वाभाविक आहे. परंतु त्याआधीच्या मौनात ती किती कष्ट करत असते, हे ओळखणारे घर तिला खऱ्या अर्थाने आपलेसे करते. अबोल म्हणून शिक्का मारण्यापूर्वी तिला एकदा शांतपणे विचारावे, “बेटा, तुला काय ऐकू आले?” आणि ती जे सांगेल ते आपणही नीट ऐकावे.