तान्ह्यांचा विमानप्रवास

दोन वर्षांच्या आंतील मुलास विमानांत निराळी जागा घ्यावी लागत नाहीं. आईची मांडी पुरते. मात्र विमान उतरूं लागलें कीं हवेचा दाब वाढून कानाचा पडदा आंत दाबला जातो. मोठीं माणसें आवंढा गिळतात. तान्ह्यास तें कोण सांगणार? तें टाहो फोडतें, आणि भोंवतालचे लोक आईकडे पाहून कपाळास आठ्या घालतात.

गेल्या वर्षीं पुण्यास, लोहगांवच्या विमानतळावर उतरतांना आमच्या सूनबाईनें तान्ह्यास पदराखालीं घेतलें व अडीच वर्षांच्या नातीस घोट घोट पाणी पाजलें. गिळतांना घशापासून कानाकडे जाणारी नळी उघडते व पडद्याच्या दोहों बाजूंचा दाब सारखा होतो. मुलें शांत राहिलीं. जमिनीस लागण्यापूर्वीं सुमारें अर्धा तास विमान उतरूं लागतें. दूध त्या वेळेसाठीं राखावें. पाजतांना आईनें संकोचूं नये. लाजावें तें आठ्या घालणारांनीं.